पेस्ट कंट्रोलवाल्याने नुसते जेलचे ठिपके लावले, वाससुद्धा आला नाही. तीन आठवड्यांत झुरळं परत दिसली. फसवलं का? वर्षाचा करार घ्यावा का?

नाही, फसवलं नाही. निदान तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तरी तसं दिसत नाही. वास आला नाही म्हणून तुम्ही त्या माणसावर संशय घेताय, आणि तेवढ्याचसाठी मी उत्तर लिहायला बसलोय. मी लातूरला हाच धंदा करतो. मैसूरला सीएफटीआरआय या केंद्र सरकारच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत प्रशिक्षण घेतलं, कृषी खात्याचं लायसन काढलं, आणि तेव्हापासून "अहो, वास कुठं आला?" हे ऐकत आलोय.

तुमच्या ओट्याखाली दिसतात ती बहुतेक लहान, फिकट तांबूस, मानेवर दोन काळ्या रेघा असलेली झुरळं असणार. त्यांची मादी अंड्यांची डबी पोटाला चिकटवूनच फिरते. एका डबीत 30 ते 40 अंडी. बहुतेक औषधं त्या डबीच्या आत जात नाहीत. त्यामुळे आज घरातली सगळी झुरळं मेली तरी दोन-चार आठवड्यांत नवी पिल्लं बाहेर पडू शकतात. तुम्हाला दिसली ती बहुतेक हीच. म्हणून दुसरी फेरी लागते, आणि ती लावायची आठवण त्या माणसाने तुम्हाला करून द्यायला हवी होती. ती दिली नसेल तर तेवढी चूक त्याची.

पण तुम्ही असंही लिहिलंय की मधे एकदोनदा बाजारातला स्प्रे मारला. इथे घोटाळा तुमच्याकडून झाला. जेल हे खाणं आहे. झुरळाने ते खायचं, फटीत परत जायचं, तिथे मरायचं, आणि त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग खाऊन बाकीची मरायची, अशी ती पद्धत आहे. वर स्प्रे मारला की झुरळं त्या जागेलाच टाळतात आणि जेल तसंच वाळून जातं. दोन्ही एकत्र चालत नाही. एक काहीतरी धरा.

वासाचं खूळ आपल्या लोकांच्या डोक्यात नुवानपासून बसलंय. नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस, उग्र वासाचं फवारायचं औषध. मारलं की गल्लीभर कळायचं, माणसं दिवसभर घराबाहेर बसायची आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटायचं. 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर देशात पूर्ण बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. तरी गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून औषधात रॉकेल घालून मारणारे लोक मी स्वतः पाहिलेत.

आता माझ्या मावसभावाचं सांगतो, कारण तुमचा प्रश्न वाचून मला तोच आठवला. तो माझ्यापेक्षा मोठा, मी त्याला दादा म्हणतो. त्याची मेस आहे. लातूरला क्लाससाठी बाहेरगावची पोरं किती येतात ते तुम्हाला माहीत असेल, त्यांच्यासाठीची मेस. खाली स्वयंपाकघर, शेजारी धान्याची खोली आणि तिच्या भिंतीला लागून आचारी नि वाढपी पोरांची झोपायची खोली. कोविडच्या आधीची गोष्ट आहे. वरणात झुरळ निघालं, एका पोराच्या आईनं येऊन तमाशा केला, तेव्हा दादानं मला बोलावलं.

मी रात्री जेवणं उरकल्यावर गेलो, दिवे बंद करायला लावले आणि थोड्या वेळाने टॉर्च घेऊन आत शिरलो. पाहणी अशीच करायची असते, दिवसा काही दिसत नाही. फ्रिजच्या दाराच्या रबरात, मिक्सरच्या बुडाखाली, पोळ्या लाटायच्या टेबलाच्या सांध्यांत, गॅसच्या नळीमागे सगळीकडे झुरळं होतीच. पण खरी वस्ती निघाली खोक्यांत. तेलाच्या पिशव्यांची, बिस्किटांची रिकामी पुठ्ठ्याची खोकी त्यानं रद्दीत घालायची म्हणून महिनोन्महिने ओट्याखाली रचून ठेवली होती. पुठ्ठ्याच्या पन्हाळीत, पिल्लं बाहेर पडून गेलेल्या अंड्यांच्या डब्या ओळीनं अडकलेल्या. बाजारातून दर आठवड्याला नवीन खोकी येणार आणि त्यांच्यासोबत नवीन झुरळं येणार. अशा ठिकाणी औषध मारून काय होणार?

मी त्याला सांगितलं: खोकी दारातच रिकामी करायची आणि आत आणायचीच नाहीत. सिंकखालची गळती आज दुरुस्त करायची, कारण अन्नावाचून झुरळं बरेच दिवस काढतात, पाण्यावाचून काढू शकत नाहीत. मोरीच्या जाळीवर रात्री झाकण ठेवायचं. टाइल्सच्या फटी व्हाइट सिमेंटने भरायच्या. मग मी जेल लावतो आणि त्यानंतर कुणी स्प्रेला हात लावायचा नाही. दादा म्हणाला, "धुवायला लातूरला पाणी कुठंय?" 2016 साली आमच्याकडे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे हा मुद्दा इथे कुणीही काढतो. पण मी त्याला धुवायला सांगतच नव्हतो. धान्याच्या खोलीत तर पाणी घालायचंच नसतं. तिथे झाडू, खरवडणी आणि चाळण लागते.

ती खोली बघितली आणि मी हादरलो. तूरडाळीची, गव्हाची, तांदळाची पोती जमिनीवर, थेट भिंतीला टेकवून. खालच्या थराला ओल चढलेली, तांदळाला जाळी धरलेली, गव्हात सोंडे. नवीन पोती जुन्यांच्या वर रचायची पद्धत, म्हणजे सगळ्यात जुना माल कायम तळाशी राहणार आणि त्यातली कीड वरच्या नव्या मालात चढणार. त्यानं भिंतीवर फूड लायसन फ्रेम करून लावलं होतं. त्या लायसनच्या नियमांत, शेड्यूल 4 मध्ये, माल जमिनीपासून वर आणि भिंतीपासून दूर ठेवायचं स्पष्ट लिहिलेलं असतं.

आणि फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, कागदाच्या पुडीत बांधलेल्या सल्फासच्या, म्हणजे धान्यातली कीड मारायच्या विषारी गोळ्या ठेवलेल्या. भुसार बाजारातून कुणीतरी सुट्ट्या आणून दिल्या होत्या. दादाचा बेत होता की गोळ्या पोत्यांमध्ये टाकायच्या, दार लावून घ्यायचं आणि दोन दिवसांनी उघडायचं.

हे नीट वाचा, कारण झुरळांपेक्षा हे महत्त्वाचं आहे. ती गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. 3 ग्रॅमची गोळी साधारण 1 ग्रॅम वायू देते. त्यावर उतारा नाही, डॉक्टर फक्त शरीराला आधार देत राहतात. हा वायू फटीतून, वायरच्या भोकातून, दाराखालून शेजारच्या खोलीत जातो. आणि त्या शेजारच्या खोलीत पाच-सहा पोरं झोपत होती. काही जण म्हणतात लसणासारखा वास येतो, तेव्हा कळेलच. त्या वासावर विसंबू नका, अपाय होण्याइतका वायू असूनही वास न येण्याची शक्यता असते. या गोळ्या फक्त सरकारी यंत्रणांनी आणि लायसन असलेल्या धुरीकरणवाल्यांनीच वापरायच्या असा नियम आहे. 10 आणि 20 गोळ्यांच्या नळ्यांवर तर 2001 पासून बंदी आहे. आम्हीसुद्धा वापरतो ते गोदामात, थप्पीवर प्लॅस्टिकची ताडपत्री घालून, कडेनं वाळूच्या पिशव्या दाबून, तोंडाला गॅस मास्क लावून, आणि शेजारी माणूस राहत असेल तर वापरतच नाही.

मी दादाला म्हणालो, ही पुडी या इमारतीत असेपर्यंत मी जेलचा एक ठिपका लावणार नाही. तो चिडला. "बापजाद्यांपासून लोक टाकतात, कोण मेलंय?" लोक मेलेत. झोपेतच मेलेत, अशा बातम्या अधूनमधून येतात, घरातल्या धान्यात गोळ्या ठेवल्या आणि सकाळी कुटुंब उठलंच नाही. आणि बापजाद्यांचं म्हणाल तर आपल्या आज्या धान्यात बिब्बे टाकायच्या, कडुलिंबाचा पाला टाकायच्या, डाळीला एरंडेल चोळायच्या, कडधान्याला राख लावायच्या. उन्हात कडकडीत वाळवून, दाताखाली दाणा कट्कन फुटला की मगच कणगीत भरायच्या. सल्फास त्यांनी वापरलेलं नाही. कडक वाळलेल्या दाण्यात कीड सहसा वाढत नाही, हे त्यांना कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय माहीत होतं.

पुडी मी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात घालून घेऊन गेलो. मग पोती बाहेर काढून ऊन दिलं, चाळलं, जाळी धरलेलं फेकलं, जुनं बारदान बाहेर काढलं, लाकडी पाट टाकून भिंतीपासून हात दीड हात अंतर सोडलं. जेल लावलं. दुसरी फेरी केली. झुरळं हटली, वरणाबद्दल पुन्हा कुणाची तक्रार आली नाही. आणि दादानं पैसे देताना पूर्ण रक्कम दिली नाही. "तू औषध मारलंसच कुठं? झाडू तर माझ्याच पोरांनी मारला." आजही नात्यातल्या लग्नांत तो हे चार लोकांत सांगतो. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: झाडू कुठे मारायचा, हे शोधून काढण्याचे पैसे असतात. औषधाची बाटली दुकानात कुणालाही मिळते. जो टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसत नाही, त्याला पैसे देऊ नका, मग त्याच्या औषधाचा कितीही वास येवो.

तर तुमचा करार. पाहणी, दुसरी फेरी आणि कुठली फट बुजवायची, कुठली गळती थांबवायची याची लेखी यादी देत असतील तर घ्या. वर्षातून तीनदा येऊन पंप मारून सही घेऊन जाणार असतील तर घेऊ नका, मग तो किती का स्वस्त असेना. लायसनची प्रत मागा आणि वापरलेल्या औषधाचं नाव बिलावर लिहून घ्या. खरा माणूस यावर रागावत नाही.

काही गोष्टी राहिल्या. तुमची झुरळं मोठी, तपकिरी, पंखवाली, मोरीतून वर येणारी असतील तर वरचं बरंचसं लागू नाही. ती गटारातून येतात, जेलपेक्षा जाळी आणि चेंबरची सफाई महत्त्वाची. ढेकूण आणि वाळवी हा तर पूर्ण वेगळा विषय आहे. जेल लावूनही दोन फेऱ्यांत फरक पडला नाही तर दुसऱ्या घटकाचं जेल मागा, काही ठिकाणी ही झुरळं जेलमधली गोडीच टाळायला लागतात. आणि फवारणी करायचीच झाली तर घरात दम्याचा पेशंट, तान्हं मूल, पिंजऱ्यातला पक्षी किंवा माशांची टाकी आहे हे आधी सांगा. सगळे पेस्ट कंट्रोलवाले प्रामाणिक असतात असं मी म्हणत नाही, नुसतं पाणी मारणारेही आहेत.

आणि तुमच्या किंवा गावाकडच्या घरात सल्फासच्या गोळ्या धान्यात आधीच टाकलेल्या असतील, तर त्या वेचायला जाऊ नका. पाणी ओतू नका, पाण्याने वायू आणखी जोरात सुटतो आणि आगही लागू शकते. घर आणि शेजारची खोली रिकामी करा, बाहेर पडता पडता जी दारं-खिडक्या उघडता येतील ती उघडा, पुन्हा आत शिरू नका, आणि 101 ला फोन करा. कुणाला मळमळत असेल, छातीवर दडपण वाटत असेल, धाप लागत असेल तर थांबू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरला गोळीचं नाव सांगा.