घराजवळच्या छोट्या रानफेरीची गोडी कशी लावावी आणि ती टिकवावी कशी?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून बदली होऊन फोंड्याला आलात. घरापासून पाच-दहा मिनिटांवर शेतं, कुळागरं (सुपारी-नारळाच्या बागा), टेकडी सगळं आहे. पहिला आठवडा हौसेने फिरलात, मग ‘रोज तेच ते’ म्हणून सुटलं. शनिवार-रविवारी गाडी काढून दूधसागर, नेत्रावळी होतं, पण रोजची वीस-पंचवीस मिनिटं काही जमत नाहीत. मी फोंडा तालुक्यातच, जुवारीच्या अंगाला राहतो, म्हणून उत्तर देतोय.

बहुतेक जण सांगतील, वाटा बदलत राहा. मी म्हणेन, अजिबात बदलू नका. एकच वाट धरा. ती घराच्या दारातून सुरू व्हायला हवी. गाडी काढावी लागली की रोजचं फिरणं संपलंच म्हणून समजा. आणि दर वेळी परतताना त्या वाटेवर काहीतरी अर्धवट सोडून या. उद्या जाऊन बघितलंच पाहिजे असं एखादं काम. निश्चय, गजर, पावलं मोजणारं घड्याळ या सगळ्यांपेक्षा हे अर्धवट राहिलेलं कामच माणसाला चपला घालायला लावतं.

म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. काजूच्या नाहीतर आंब्याच्या झाडावर हुमल्यांची घरटी तुम्ही पाहिली असतील. हुमले म्हणजे ते तांबडे, चावरे मुंगळे. हिरवी पानं एकमेकांना शिवून ते घर करतात. नुसतं ‘अरे वा, मुंग्यांचं घरटं’ म्हणून पुढे गेलात तर दुसऱ्या दिवशी तिथे थांबायला कारण उरत नाही. पण घर बांधायचं काम चालू असेल तर हातभर अंतरावरून पाच मिनिटं बघा. मुंगळे एकमेकांच्या कमरेला धरून साखळी करतात आणि दोन पानांच्या कडा जवळ ओढतात. मग दुसरे काही जण तोंडात आपल्याच अळ्या धरून आणतात आणि या पानावरून त्या पानावर नेतात. अळीच्या तोंडातून निघणाऱ्या रेशमाने पानं चिकटतात. मोठ्या मुंगळ्यांना रेशीम करता येत नाही, पोरांकडूनच करून घ्यावं लागतं! हे एकदा पाहिलं की उद्या तिसरं पान जोडलं का, पाऊस पडला तर घर टिकलं का, पानं वाळल्यावर बिऱ्हाड दुसरीकडे हलवलं का, हे प्रश्न आपोआप येतात. फक्त फांदीला हात लावू नका. हुमला चावला की पुढचं निरीक्षण घरी, खोबरेल चोळत.

दुसरं उदाहरण खाजनाचं, कारण गोव्यात राहून ते न बघणं म्हणजे घरी जेवण असताना उपाशी झोपणं. दुर्भाट, आडपई, आगापूर, मडकई या पट्ट्यात खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली खाजन शेती आहे. बांधात जागोजागी मानस असते, म्हणजे पाण्याची ये-जा सांभाळणारं दार. ओहोटीला नदीचं पाणी उतरलं की आतल्या पाण्याच्या दाबाने लाकडी झडपा उघडतात आणि शेतातलं पाणी बाहेर जातं. भरती आली की नदीचाच रेटा त्या झडपा बंद करतो. जुन्या पद्धतीच्या मानशीला ना वीज लागते ना माणूस. आमच्याकडे बांधावर जाळं घेऊन बसणारे एक आजोबा आहेत. मी घाईत निघालो की ते म्हणतात, “रावात, उदक चडटा.” म्हणजे थांबा, पाणी चढतंय. थांबलं की खरंच दिसतं. आधी बाहेर जाणारी धार मंदावते, मग काही क्षण पाणी इकडेही नाही आणि तिकडेही नाही, वरचा पालापाचोळा जागच्या जागी गोल फिरतो आणि मग झडप हलायला लागते.

आता ‘तेच ते’चा विचार करा. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. म्हणजे तुम्ही रोज सकाळी साडेसहालाच बांधावर गेलात तरी आज चिखल उघडा असेल आणि आठवड्याने त्याच वेळी पाणी बांधाला लागलेलं असेल. चिखल उघडा असताना एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे ती वरखाली हलवत माद्यांना बोलावताना दिसतात (मोठी नांगी फक्त नरालाच असते), बगळे आणि ढोकरी दिसतात, थंडीत शेपटी हलवत धावणारा तुतवार दिसतो. पाणी चढलं की हे सगळे गायब होतात आणि खंड्या नि ब्राह्मणी घार यांचं राज्य सुरू होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याची चढउतार जास्त असते, तेव्हा तर ओळखीचा कोपराही परका वाटतो. वाट तीच ठेवल्याशिवाय हा फरक कळायचा नाही.

तुमच्या घराजवळ खाजन नसेल, कुळागर असेल, तरी चालेल. पण कुळागर कुणाच्या तरी मालकीचं असतं. आधी घरी जाऊन विचारा, ओळख करून घ्या, मग पाटाच्या कडेने जा. एकदा ओळख झाली की तेच तुम्हाला सांगतील राखी धनेश कुठल्या झाडावर येतो ते. खाजनाचे बांधही गावच्या शेतकऱ्यांच्या संघटना सांभाळतात आणि मानशीवरची मासेमारी लिलावाने दिलेली असते, म्हणून तिथे जाळ्याला, झडपेला हात लावायचा नाही.

आपल्याकडे वर्षभरात काय काय बदलतं त्याचीही थोडी कल्पना देतो. पुण्याहून आलेल्यांना गोव्यात ‘पाऊस आणि बाकीचे महिने’ एवढंच दिसतं. जानेवारी-फेब्रुवारीत काजू मोहरतो, सावर आणि पांगारा पानं टाकून तांबडे होतात. मार्चच्या सुमारास सुरंगी. मग बोंडू, म्हणजे काजूची फळं, पिकली की दारूच्या भट्ट्या लागतात आणि काही वाटांवर नाकालाच पत्ता कळतो. एप्रिल-मेमध्ये करवंदं, भिरंडं (कोकमाची फळं), जांभळं, पांढरा कुडा, पिवळा बहावा. पावसाच्या तोंडावर काजवे. पाऊस लागला की ओढ्याकाठी पहाटे शीळकरी कस्तुराची शीळ. पहिल्यांदा ऐकणारा वळून बघतोच, कोण माणूस वाजवतोय म्हणून.

आणि श्रावण-भाद्रपदात सडा, म्हणजे टेकडीवरचा सपाट कातळ. उन्हाळ्यात हाच सडा नुसता काळपट दगड असतो, म्हणून लोक तिकडे फिरकत नाहीत. ऑगस्टमध्ये तिथे गुडघे टेकून बसा, खरोखर गुडघे टेकून. निळ्या-जांभळ्या इवल्या फुलांचे गालिचे असतात, सीतेची आसवं. दगडावरच्या बोटभर मातीत खत कुठलं? म्हणून या वनस्पतीने दुसरी सोय केलीय. मुळांच्या जागी ओल्या मातीत सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांच्या तोंडाशी एखादा जलजीव लागला की पिशवी त्याला क्षणात आत ओढते आणि पचवते. तिच्याच आसपास दवबिंदू सापडेल. त्याच्या पानांवरचे चमकणारे थेंब चिकट असतात, चिलटं त्यात अडकतात. एवढ्याशा जागेत दोन-दोन शिकारी वनस्पती! सड्यावर एकच पथ्य: ढग गडगडायला लागले की लगेच उतरायचं. उघड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

गोव्यात राहता आहात तर एक मोठं अर्धवट काम आयतं मिळतं, ते म्हणजे चवथीची माटोळी. गणपतीच्या वर बांधतात ती रानफळांची, फुलांची चौकट. माट्टी, कांगलां, कवंडळ, घागऱ्या, शेरवाड, आंबाडे, नागुलकुडा. नावं कुणाही जाणत्या शेजारणीकडून लिहून घ्या. आता यातलं प्रत्येक झाड, प्रत्येक वेल तुमच्या वाटेवर कुठे आहे ते वर्षभरात शोधायचं. तोडायचं नाही, फक्त शोधायचं. माट्टीपासून सुरुवात करा. गोव्याचा राज्यवृक्ष तो, महाराष्ट्रात ऐन म्हणतात. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल आणि पान उलटं केलं की देठाजवळ मधल्या शिरेवर बारीक गाठी. फळाला पाच पंख असतात. बाजारात माटोळीचं सामान मांडलेलं सगळे बघतात, पण कुठली वेल कुठल्या गडग्यावर चढलीय हे ठाऊक असण्यात वेगळीच ऐट आहे.

वेळेबद्दल. घड्याळावर वेळ ठरवू नका, दुसऱ्या एखाद्या गोष्टीला बांधा: मुलाची शाळेची बस गेली की, किंवा संध्याकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की. इथे जानेवारीत सूर्य सात-सव्वासातला उगवतो आणि मे अखेरीस सहालाच. वर्षभर पहाटे सहाचा नेम धरलात तर थंडीत अंधारात चाचपडाल. उन्हाळ्यात नऊनंतर इथला दमट उकाडा सोसत नाही, तेव्हा फेरी आधी आटपा.

किती वेळ, याची फार चिंता नको. इंग्लंडमध्ये वीस हजारांच्या आसपास लोकांची माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं, आणि ती मिनिटं एकदम घेतली की तुकड्या-तुकड्यांनी, याने फरक पडला नाही. आता तब्येत चांगली असलेलेच जास्त फिरत असतील, अशीही शंका घेता येते. तरी हिशेब सोयीचा आहे: वीस मिनिटांच्या सहा फेऱ्या झाल्या की झालं, सातवा दिवस सुट्टीचा. एखादा दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट चालू नका, त्यानेच नेम मोडतो.

पावसाळ्यात काय, हे तुम्ही विचारलं नाहीत पण जूनमध्ये विचाराल. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. उघडीप मिळेल म्हणून वाट बघणारा माणूस घरीच राहतो. रेनकोटपेक्षा छत्री बरी, आत घाम येत नाही आणि थांबून बघता येतं. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर आणि व्हाळाच्या (ओढ्याच्या) साकवावर शेवाळ धरतं, तिथे जपून. मुसळधार असेल त्या दिवशी दारापासून पहिल्या वळणापर्यंत जाऊन परत या. तीसुद्धा फेरीच.

भीतीच्या गोष्टी थोडक्यात. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, म्हणजे उजवीकडून चाला. कुत्रे अंगावर आले तर पळू नका, थांबा, नजर खाली ठेवा. हातात काठी असली की सहसा तेच बाजूला होतात. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, पण कुत्रा चावलाच तर जखम साबणाने धुऊन लस घ्यायलाच हवी, तिथे ढिलाई नाही. सड्यावर दगड उलटू नका, फुरसं तिथलंच रहिवासी आहे. आणि सत्तरी तालुक्याच्या बाजूला जाणार असाल तर डिसेंबर ते मे या काळात रानात पूर्ण बाह्या आणि पायजमा-मोजे हवेत. तिथे २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडींमार्फत पसरतो. माकड मेल्याची बातमी असेल त्या रानात जायचंच नाही.

फोन न्यावा की नाही यावर लोक वाद घालतात. मी नेतो. पक्ष्याचा आवाज ओळखायला मर्लिन आणि झाडाझुडपांसाठी आय-नॅचरलिस्ट ही दोन अ‍ॅप कामाची आहेत. पण नाव लगेच शोधू नका. आधी दोन दिवस त्या पक्ष्याचा नुसता आवाज ऐका, तो कुठे बसतो ते बघा, मग नाव काढा. नाव पहिल्याच मिनिटाला कळलं की उत्सुकता तिथेच मिटते आणि उद्याचं कारण हातचं जातं. वही ठेवायची असेल तर रोज एकच ओळ, तीही प्रश्नाची.

दूधसागर-नेत्रावळी सोडू नका, अधूनमधून रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला डॉ. सलीम अली अभयारण्यात किंवा करमळीच्या तळ्यावरही जा. त्याने घराजवळ काय शोधायचं ते कळतं. मात्र तिथल्या गर्दीतल्या पक्ष्यांशी आपल्या वाटेची तुलना करायची नाही.

सध्या ऑक्टोबर संपत आलाय, तर सुरुवातीला हे करा. रात्री जेवणानंतर बाहेर पडलात की एक उग्र-गोड वास येईल, काहींचं त्याने डोकंही दुखतं. ती सातवीण फुललीय. वास कुठल्या बाजूने येतो एवढंच रात्री ठरवा आणि परत या. सकाळी त्या दिशेला जाऊन झाड शोधा: एकेका गाठीवर सहा-सात पानं गोलाकार, फुलांचे हिरवट-पांढरे झुबके. पहिल्या दिवशी बहुधा चुकीच्या झाडाखाली जाऊन उभे राहाल, कारण वास वाऱ्याबरोबर भरकटतो. मग दुसऱ्या रात्री परत जावं लागेल.