नव्या-जुन्या ग्राफिक्स कार्डांचे आकडे कसे ताडून पाहावेत? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्याकडे २०१७ सालचे जीटीएक्स १०८० टीआय आहे. २०२१ साली आलेल्या आरटीएक्स ३०६० मध्येही ३,५८४ कोरच आहेत. मग चार वर्षांत नेमके बदलले काय?

दोन्हींकडे आकडा एकच असला, तरी ज्याला ‘कोर’ (चिपमधला आकडेमोड करणारा छोटा घटक) म्हटले आहे ती वस्तू एक नाही. एनव्हिडियाच्या पास्कल पिढीत, म्हणजे आपल्या कार्डात, दशांश आणि पूर्णांक अशी दोन्ही प्रकारची आकडेमोड त्याच कोरला करावी लागते. २०१८ च्या ट्युरिंग पिढीत पूर्णांकांसाठी स्वतंत्र मार्ग आला. २०२० च्या अँपिअर पिढीत त्याच मार्गाला दशांशाची क्षमता देण्यात आली आणि कंपनीने त्यालाही कोर म्हणून मोजायला सुरुवात केली, त्यामुळे कागदावरची संख्या एकदम फुगली. आरटीएक्स २०८० टीआयमध्ये ४,३५२ कोर आणि सुमारे १३.४ टेराफ्लॉप (सेकंदाला किती लाख कोटी दशांश क्रिया होतात, याचे माप) आहेत, तर आरटीएक्स ३०७० मध्ये ५,८८८ कोर आणि सुमारे २०.३ टेराफ्लॉप, तरीही बहुतेक गेममध्ये ही दोन्ही कार्डे जवळजवळ बरोबरीने चालतात. म्हणून पिढी ओलांडून कोर मोजू नयेत. टेराफ्लॉपवर तर मुळीच विसंबू नये, कारण तो कोरची संख्या, घड्याळाचा वेग आणि दोन यांचा नुसता गुणाकार असतो.

जुन्या धाटणीच्या गेममध्ये आपल्या कार्डात आणि ३०६० मध्ये फारसे अंतर नाही, आणि तेवढ्यासाठी कार्ड बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. खरा फरक कोरच्या रकान्याबाहेर आहे. आपल्या कार्डाची कमाल वीज २५० वॅट, तर ३०६० ची १७०. ३०६० मध्ये रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून दृश्य रंगवण्याचे, स्वतंत्र कोर आहेत, आणि २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हा गेम अशा हार्डवेअरशिवाय चालतच नाही. शिवाय, पास्कल कार्डांसाठी नव्या गेमनुसार सुधारलेले ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) देणे एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले आहे. यापुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते ड्रायव्हर मिळतील.

प्रश्न: १०८० टीआयची मेमरी बँडविड्थ सेकंदाला ४८४ जीबी, ३०६० ची ३६० आणि २०२३ च्या आरटीएक्स ४०६० ची अवघी २७२. ही प्रगती म्हणायची की अधोगती?

बँडविड्थ म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यात सेकंदाला किती माहिती जाऊ शकते, ते. हा आकडा येतो कुठून, ते आधी पाहू. कंपनीच्या मूळ रचनेच्या १०८० टीआयचा हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा भाग) काढला, की मधल्या चिपभोवती मेमरीचे ११ काळे चौकोन दिसतात. बाराव्याची जागा बोर्डवर आखलेली असते, पण रिकामी. प्रत्येक चौकोनाची वाट ३२ बिटांची, म्हणून बसची, म्हणजे चिप आणि मेमरी यांना जोडणाऱ्या वाटेची, रुंदी ३५२ बिट. तिला ११ गिगाबिट वेगाने गुणून ८ ने भागले की ४८४ मिळतात. ४०६० वर असे चारच चौकोन आहेत, म्हणजे १२८ बिट. मेमरीचा वेग १७ गिगाबिट असूनही हिशेब २७२ वरच थांबतो.

ही तूट एनव्हिडियाने कॅशे, म्हणजे चिपमधलीच छोटी जलद मेमरी, वाढवून भरून काढली आहे. ३०६० मध्ये दुसऱ्या स्तराची कॅशे ३ एमबी होती, ती ४०६० मध्ये २४ एमबी झाली. लागणारी माहिती चिपमध्येच सापडली तर बाहेरच्या मेमरीपर्यंत जावे लागत नाही, आणि म्हणूनच १०८०पी (१९२० × १०८० बिंदूंच्या) रिझोल्यूशनवर ४०६० हे ३०६० च्या पुढे जाते. मात्र रिझोल्यूशन वाढवत नेले, की कॅशेत सापडण्याचे प्रमाण घटते आणि अरुंद बस जाणवू लागते.

बँडविड्थची कमतरता कॅशे झाकू शकते, क्षमतेची नाही. ४०६० ला ८ जीबी मेमरी आहे, ३०६० च्या मूळ आवृत्तीला १२ आणि आपल्या जुन्या कार्डाला ११. मेमरी भरून वाहिली की टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांवर चढवलेली चित्रे) स्लॉटमार्गे संगणकाच्या रॅममधून आणावे लागतात. मग गेम अडखळतो किंवा भिंतीवरचे दगड पुसट राहतात. नवे कार्ड जुन्यापेक्षा कमी मेमरी घेऊन यावे, हे मला ग्राहकाच्या दृष्टीने समर्थनीय वाटत नाही.

प्रश्न: माझ्या मदरबोर्डवर पीसीआयई ३.० स्लॉट (कार्ड बसवण्याची खाच) आहे. आरएक्स ५८० (८ जीबी) काढून नवीन आरएक्स ६५०० एक्सटी बसवावे का?

बसवू नये. २०२२ चे हे एएमडी कार्ड फक्त चार लेन (स्लॉटमधल्या माहितीच्या वाटा) वापरते. चौथ्या आवृत्तीच्या स्लॉटवर त्या चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी माहिती जाऊ शकते, पण आपल्या स्लॉटवर सुमारे ४ जीबीच. उलट ५८० हे १६ लेन वापरत असल्याने त्याच स्लॉटवर त्याला जवळजवळ १६ जीबी मिळतात. त्यातून ६५०० एक्सटीची मेमरी ४ जीबीच असल्याने ती लवकर भरते आणि सगळा भार नेमका त्या अरुंद वाटेवर येतो. गेम रेकॉर्ड करण्यासाठी लागणारा व्हिडिओ एन्कोडरही त्यात नाही. वीज मात्र कमी लागते: १८५ ऐवजी १०७ वॅट.

कार्ड किती लेनवर चालते आहे, हे ‘जीपीयू-झेड’ या मोफत प्रोग्रॅममध्ये ‘बस इंटरफेस’च्या रकान्यात दिसते. त्याच्या शेजारचे प्रश्नचिन्ह दाबून छोटी चाचणी सुरू ठेवावी, कारण रिकामे असताना कार्ड वीज वाचवण्यासाठी वेग उतरवते आणि आकडा खोटाच कमी दिसतो.

प्रश्न: आरटीएक्स ५०७० हे आरटीएक्स ४०९० च्या बरोबरीचे आहे, हे खरे का?

जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी मंचावरून तसे सांगितले होते. तो हिशेब दर चार फ्रेमपैकी तीन फ्रेम कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करण्याच्या सोयीवर आधारलेला आहे. कागदावर ४०९० मध्ये १६,३८४ कोर, २४ जीबी मेमरी आणि सेकंदाला १,००८ जीबी बँडविड्थ आहे; ५०७० मध्ये ६,१४४ कोर, १२ जीबी आणि ६७२ जीबी. मधल्या फ्रेममुळे हालचाल मऊ दिसते, हे मान्य. पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमच्या वेगावरच ठरतो. तुलना करताना फ्रेम जनरेशन, म्हणजे कृत्रिम फ्रेमची ही सोय, बंद ठेवून घेतलेल्या चाचण्याच पाहाव्यात.

प्रश्न: जीटी १०३० दोन किमतींना मिळते. स्वस्तातले घेतले तर चालेल का?

गेमसाठी नाही. २०१७ चे मूळ कार्ड जीडीडीआर५ मेमरीचे असून त्याची बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबी आहे. पुढच्या वर्षी त्याच नावाने आलेल्या डीडीआर४ कार्डाची १६.८ जीबी. नाव एकच असल्याने खोक्यावर मेमरीचा प्रकार वाचावा, आणि कार्ड वापरलेले असेल तर विक्रेत्यासमोर संगणकाला लावून जीपीयू-झेडमध्ये तो पाहिल्यावरच पैसे द्यावेत.