मुलगी १६ वर्षांची आहे, पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात दुखतं. जन्मजात दोष असू शकतो का?

हो, असू शकतो. १५ वर्षांपर्यंत पाळी आली नाही तर तपासणी करावीच, त्यातून दर महिन्याला दुखत असेल तर थांबूच नका. बहुधा रक्त तयार होतंय, पण बाहेर यायला वाट नाही. योनिपटल (योनीच्या तोंडावरचा पातळ पडदा) पूर्ण बंद असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने प्रश्न सुटतो. योनीत आडवा पडदा असेल तर मात्र आधी एमआरआय करून त्याची जाडी आणि जागा पाहावी लागते. घाईने सुई घालून रक्त काढणं टाळावं, जंतुसंसर्ग होऊ शकतो.

सुरुवात पोटावरून केलेल्या सोनोग्राफीने होते. मूत्रपिंडंही बघायला सांगा, कारण ती आणि गर्भाशय-योनी गर्भात एकत्रच घडतात. एक मूत्रपिंड नसलेल्या मुलीला पाळी नियमित येऊनही दुखणं वाढत असेल, तर दुहेरी गर्भाशयाची एक बाजू बंद असू शकते. हे निदान फार वेळा हुकतं.

दुखत नसेल, स्तनांची वाढ नीट असेल आणि गर्भाशयच दिसत नसेल, तर एमआरकेएच सिंड्रोमचा, म्हणजे गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग जन्मतःच न घडण्याचा, विचार होतो (सुमारे ५,००० मुलींत एक). त्यात अंडाशय सहसा ठीक असतात. गुणसूत्रं आणि टेस्टोस्टेरॉनही तपासतात, कारण अँड्रोजेन असंवेदनशीलतेतही (शरीर पुरुषी संप्रेरकांना प्रतिसाद देत नाही) चित्र असंच दिसतं. एमआरकेएचमध्ये योनिमार्ग तयार करायला आधी डायलेटर (योनी हळूहळू ताणून वाढवणारं साधन), शस्त्रक्रिया नंतर. तेही मुलगी स्वतः तयार असेल तेव्हाच. आईवडिलांना घाई असते, शरीराला नसते. आणि निदान तिच्यापासून लपवू नका.