प्रतिमा नेमकी कुठे पडते? वाचकांचे प्रश्न

पत्रे वेगवेगळी असली तरी बहुतेकांच्या मुळाशी गोंधळ एकच आहे. भिंगाची प्रतिमा ज्या प्रतलात रेखीव बनते ते प्रतिमा-प्रतल आणि कॅमेऱ्याचा सेन्सर आपोआप एकाच जागी येतात, असे धरले जाते. ते एकत्र आणावे लागतात, आणि तेही मिलिमीटरच्या शतांशात.

कॅमेऱ्यावर एक गोल आणि त्यातून गेलेली रेघ आहे. ती कशाची?

सेन्सरचे प्रतल तिथे आहे. फोकसचे अंतर या रेघेपासून मोजतात, भिंगाच्या पुढच्या काचेपासून नाही.

५० मिमीचे भिंग म्हणजे प्रतिमा नेहमी ५० मिमीवरच पडणार ना?

फक्त खूप लांबच्या वस्तूची. साधे भिंग धरले तर १ मीटरवरच्या वस्तूची प्रतिमा ५२.६ मिमीवर बनते. म्हणून जवळच्या वस्तूसाठी भिंग पुढे सरकते.

जुने एम ४२ स्क्रू माउंटचे (कॅमेऱ्याला आट्यांनी बसणारे) ५० मिमी भिंग निकॉनच्या डीएसएलआरवर अडॅप्टरने (मधल्या जोडकड्याने) लावले. जवळचे फोटो चांगले येतात, लांबचे सगळे धूसर. विक्रेता म्हणतो, जुन्या काचा अशाच असतात.

काचेला दोष देण्याआधी वजाबाकी करा. माउंटच्या (भिंग बसते त्या कड्याच्या) मागे ४५.४६ मिमीवर फिल्म असेल, असे धरून एम ४२ भिंगे बनवली आहेत. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिमी आहे. अडॅप्टरला जाडीच नाही असे मानले तरी सेन्सर १.०४ मिमी मागे राहतो. त्यामुळे फोकसची रिंग अनंताच्या खुणेवर नेली तरी फोकस सुमारे अडीच मीटरवरच अडकतो. हे विक्रेत्याला माहीत असायला हवे, आणि भिंग विकतानाच सांगायला हवे.

यावर उपाय म्हणून मध्ये काच असलेला अडॅप्टर गळ्यात मारतात. ती काच म्हणजे एक कमजोर अंतर्वक्र भिंग असते. त्याने प्रतिमा मागे सरकते खरी, पण नाभीय अंतर (फोकल लेंथ) वाढते आणि छिद्र (अॅपर्चर) पूर्ण उघडले की कडा मऊ पडतात. चांगल्या भिंगामागे स्वस्त काच लावू नका.

मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) हा प्रश्न येत नाही. सोनीच्या ई माउंटचे अंतर १८ मिमी आहे, म्हणजे अडॅप्टर २७.४६ मिमी जाडीचा हवा. पण स्वस्त अडॅप्टर तेवढा अचूक असेलच असे नाही. जाडी ०.१ मिमीने जास्त भरली तर ५० मिमी भिंगाचा फोकस २५ मीटरच्या पुढे जात नाही, २४ मिमीचा तर सहा मीटरच्या आतच थांबतो. ही अडचण टाळायला बरेच उत्पादक अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवतात. मग रिंग अनंताच्या पलीकडे जाते, रिंगवरचे आकडे खोटे ठरतात आणि काही वाइड भिंगांचे कोपरे बिघडतात.

अडॅप्टर हातात आला त्याच दिवशी तपासा, परतीची मुदत संपल्यावर नव्हे. छिद्र पूर्ण उघडा, किलोमीटरभर लांबच्या मनोऱ्यावर किंवा दिव्यावर लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचे थेट चित्र) १० पट मोठा करून फोकस करा. सूर्यावर कधीही नाही. फोकस होतच नसेल तर अडॅप्टर परत करा. कानशीने घासू नका, प्रतल तिरके होते. चौकटीची एक बाजू रेखीव आणि दुसरी धूसर असेल तर आधी माउंटचे स्क्रू पाहा. पातळ अडॅप्टरला शिम (पातळ चकती) घालता येते, पण ते काम कॉलिमेटर (अनंतावरचा फोकस तपासायचे उपकरण) असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधले ‘क्लिप स्टार्ट’ म्हणजेच प्रतिमा-प्रतल का?

नाही. त्याच्या अलीकडचे काही दिसणार नाही, एवढेच ते ठरवते. चित्राचा कोन फोकल लेंथ आणि सेन्सरची रुंदी ठरवतात. पुस्तकातल्या आकृतीत प्रतिमा-प्रतल डोळ्याच्या (म्हणजे कॅमेऱ्याच्या) पुढे काढतात, कारण तिथे प्रतिमा सुलटी राहते. गणित तेच.

खऱ्या चित्रीकरणावर थ्रीडी वस्तू बसवली, पण कॅमेरा फिरला की ती घसरते.

ट्रॅकिंग (चित्रीकरणातून कॅमेऱ्याची हालचाल शोधणे) चुकले असेल, पण आधी सेन्सरची रुंदी तपासा. ब्लेंडर ती ३६ मिमी धरतो. तुमचा एपीएस-सी (लहान आकाराचा) सेन्सर २३.५ मिमीचा आणि भिंग ३५ मिमीचे असेल, तर खरा कोन ३७ अंश आणि ब्लेंडरचा ५४ अंश. शिवाय काही कॅमेरे फोर-के व्हिडिओला सेन्सरचा मधलाच भाग वापरतात (क्रॉप). मोजायचे असेल तर ३ मीटरवरच्या भिंतीची किती रुंदी चौकटीत बसते ते पाहा. २ मीटर बसली तर ३५ × २ ÷ ३, म्हणजे सेन्सरची वापरली गेलेली रुंदी सुमारे २३.३ मिमी. शूटिंगच्या दिवशीच कॅमेरामनला भिंग, मोड आणि क्रॉप विचारून लिहून ठेवा, नंतर कोणालाच आठवत नाही.

सेन्सरवर धूळ आहे, तरी काही फोटोंत दिसते आणि काहींत नाही. असे का?

धूळ प्रतिमा-प्रतलात नसतेच, ती सेन्सरपुढच्या फिल्टर काचेवर बसते. काच १ मिमी पुढे धरली तर एफ २ ला (छिद्र मोठे) कणाची सावली अर्धा मिलिमीटर पसरून विरून जाते. एफ १६ ला (छिद्र लहान) ती ०.०६ मिमीच पसरते आणि ठिपका उठून दिसतो. एफ १६ ला, फोकस बिघडवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा म्हणजे कळेल. रबरी ब्लोअरने हवा मारा. डब्यातली दाबाची हवा नको, तिच्यातून द्रव उडून काचेवर डाग पडतो. तेवढ्याने धूळ गेली नाही तर कॅमेरा सेवा केंद्रात द्या.