कासव, बादली आणि कढीपत्त्यावरची अळी

तुमची संहिता दोनदा वाचली. एकदा मनात आणि एकदा मोठ्याने, कारण चित्रपुस्तक शेवटी कुणीतरी मांडीवरच्या पोराला मोठ्याने वाचून दाखवणार असतं. मूळ प्रश्न ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: नाशिकजवळ मामाच्या द्राक्षबागेत ओजसला पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासव सापडतं. तो ते घरी आणतो, बादलीत ठेवतो, दूध-पोळी भरवतो, शाळेत नेतो, सगळे टाळ्या वाजवतात. २८ पानं, प्रत्येक पानावर चार ओळी, सगळं यमकात. प्रकाशकाने ‘चित्रांना जागा नाही’ एवढंच लिहून परत पाठवलं. आता यमक काढू की प्राणी बदलू, असं तुम्ही विचारलंय.

यमकाचं नंतर बघू. आधी बादली.

चांदण्यांचं ते कासव जमिनीवरचं आहे हो. त्याला पोहता येत नाही. सातव्या पानावर तुम्ही त्याला गळ्यापर्यंत पाण्यात बसवलंय आणि ते ‘ओजसकडे बघून हळूच हसलं’. हसलं कसलं, जीव वाचवायला धडपडत असेल ते! दूध-पोळीही त्याची नव्हे, ते गवत-पाल्यावर जगतं. शिवाय नाशिकच्या बागेत ते आपल्या पायांनी आलं कुठून? आपल्या देशात ते गुजरात-राजस्थानच्या कोरड्या पट्ट्यात आणि मग खाली आंध्र, कर्नाटक, तमिळनाडूकडे सापडतं. द्राक्षबागेत दिसलं तर बहुतेक कुणीतरी पाळायला आणलेलं आणि निसटलेलं. ही कासवं बॅगांमधून चोरून परदेशी इतकी गेली की २०१९ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सगळ्यात कडक यादीत घालावं लागलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे. पिंजऱ्यातल्या आपल्या मिठूचंही तेच, पण ते अजून निम्म्या महाराष्ट्राला पटलेलं नाही.

दुकानातलं नाण्याएवढं हिरवं कासव दाखवू का, असं कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगून ठेवते. कानामागे लाल पट्टा असलेलं ते कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. ते जेवणाच्या ताटाएवढं होतं आणि २०-३० वर्षं सहज जगतं. मग कंटाळलेली माणसं ते गावच्या तळ्यात सोडतात आणि तिथल्या कासवांच्या तोंडचा घास जातो. तेही नको.

‘गोष्टच आहे, एवढं काय’ असं मीही म्हणायचे. लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढायला लागून मला १८ वर्षं झाली. अगदी सुरुवातीच्या एका पुस्तकात मी बेडूक काढला होता, काचेच्या बरणीत, वर घट्ट झाकण. बरणीवर पडलेला उजेड मला फार छान जमला होता, त्या उजेडावरच मी खूश. एका शाळेत वाचन चालू असताना पहिलीतल्या एका मुलीने पानावर बोट ठेवून विचारलं, ‘तो श्वास कुठून घेतो?’ बाई, मी, सगळेच गप्प. पुढच्या आवृत्तीत झाकणाला भोकं पाडली. पण पहिल्या आवृत्तीच्या प्रती अजून कुठे कुठे असतील, आणि त्यांतला बेडूक बरणीत गुदमरतोच आहे.

आता मुद्द्याचं. तुम्ही प्राणी ‘वेगळा’ हवा म्हणून निवडला आणि मग त्याला कुत्र्याच्या पिल्लासारखं वागायला लावलंत. तो हसतो, वाट बघतो, शाळेत मिरवतो. कासव काढून तिथे मांजर ठेवा, एक ओळ बदलावी लागणार नाही. गडबड इथे आहे. वेगळा प्राणी पाळलेल्या मुलाची गोष्ट त्या प्राण्याच्या स्वतःच्या वागण्यातून निघाली पाहिजे, विशेषतः तो जे करत नाही त्यातून. बोलावलं तर येत नाही, लाड कळत नाहीत, दिवसभर हलत नाही. मुलाची माया एकतर्फी आहे, आणि तरी ती आहे. पाच वर्षांच्या मुलाला हे बरोब्बर समजतं, कारण धाकट्या भावंडाच्या बाबतीत त्याने ते भोगलेलं असतं.

इंग्लंडच्या लेखिका-चित्रकार बिआट्रिक्स पॉटरबाईंनी आपल्या बालपुस्तकांत प्राण्यांना झगे-टोप्या घालून चितारलं हे खरं. पण त्यांच्या घरात ससे, सरडे, वटवाघळं, गोगलगायी असं सगळं नांदत होतं आणि त्या तासन्‌तास बसून त्यांची चित्रं काढायच्या. त्यांच्याकडे एक हेजहॉग होती, म्हणजे आपण ज्याला चुकून साळिंदराचं पिल्लू समजू तो काटेरी जीव. तिच्याबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय की मांडीवर झोपू दिलं की ती खूश, पण चित्रासाठी अर्धा तास उभी धरली की आधी केविलवाण्या जांभया देते आणि मग चावते. टोपी घालायची तर आधी हे माहीत हवं.

प्राणी बदलणारच असाल तर माझं मत फुलपाखराच्या अळीला. हसू नका. कुंडीत लिंबू किंवा कढीपत्ता असेल तर पावसाळ्यात पानावर मोहरीएवढं फिकट पिवळं अंडं दिसेल. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि पहिलं जेवण म्हणून स्वतःच्याच अंड्याचं कवच खाते. सुरुवातीला ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट, त्यावर पांढरा डाग. कुठला पक्षी ती खाईल? मग कात टाकता टाकता एके सकाळी हिरवीगार होते. काडीने डिवचा, डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर येतात आणि आंबूस उग्र वास सुटतो. आमच्या लेकीने पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा आठवडाभर येईल त्या पाहुण्याला अळीची शिंगं दाखवली.

पुढे काय होतं ते बघा, तुमचं कथानक तिथे आयतं बसलंय. एके दिवशी अळी खाणं सोडते. पातळ शी करते. झाड सोडून भटकायला लागते. मुलाला वाटणार, आजारी पडली. दुसऱ्या दिवशी अळी गायब! अख्खं घर शोधतं, सोफ्याखाली, चपलांमध्ये, आजीच्या पूजेच्या फुलांमध्ये. आणि ती असते खुर्चीच्या पायाला, कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून टेकलेली. कोष हिरव्या पाल्यात झाला तर बहुधा हिरवा होतो, वाळक्या काटकीवर झाला तर तपकिरी. म्हणजे लाकडी खुर्चीवर तो सहजासहजी दिसायचा नाही.

म्हणून तुमचे शब्द म्हणतील, ‘ओजसने सगळीकडे शोधलं’, आणि चित्रात ओजस त्याच खुर्चीवर बसलेला असेल. शब्दांना माहीत नाही, चित्राला माहीत आहे. ऐकणारं पोर ओरडणार, ‘अरे तिथे! तिथे आहे!’ प्रकाशकाच्या एका ओळीचा अर्थ मी असा लावते. ‘हिरव्या बादलीत कासव बसलं’ असं तुम्हीच सांगून टाकलंत तर चित्रकाराने हिरवी बादली काढण्यापलीकडे करायचं काय? रंग, जागा, कपडे, हवा हे शब्दांतून उडवा. राहू द्या ते आवाज, वास, मनातलं, आणि जे चित्रात मावत नाही ते. ‘तीन दिवस झाले’ हे चित्राला सांगता येत नाही, ते तुम्ही सांगा.

एक इशारा. दर वेळी फुलपाखरूच निघतं असं नाही. आमच्याकडे एका पावसाळ्यात दोन कोषांना बारीक भोकं पडली आणि आतून चिलटाएवढ्या गांधीलमाश्या निघाल्या. परोपजीवी, कोषातच अंडी घालणाऱ्या. लेक रडली, मग दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन त्या माश्या बघत बसली. हे पुस्तकात घालायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी घातलं असतं, पण मग बहुतेक प्रकाशकाचं आणखी एक पत्र आलं असतं.

कासवावर जीवच जडला असेल तर ते पाळू नका, येऊ द्या. आजोळ कर्नाटकातल्या कोरड्या भागात न्या. पाऊस पडला की ते गवतातून बाहेर येतं, ऊन तापलं की कुठल्याशा झुडपात शिरून बसतं. मुलगा रोज जागा शोधतो, कधी सापडते, कधी नाही. नाव ठेवलंय, पण त्याला ते माहीत नाही. हीसुद्धा पाळीव प्राण्याचीच गोष्ट आहे, फक्त पाळलंय कुणी कुणाला ते जरा धूसर.

पानांचं झटपट. मधोमध पिना मारायच्या पुस्तकाची पानं ४ च्या पटीत लागतात आणि छापखान्यात एकेक मोठा कागद दुमडून साधारण ८ किंवा १६ पानांचा गठ्ठा, म्हणजे फर्मा, करतात, म्हणून २४ किंवा ३२ धरा, २८ अडचणीचं. शीर्षकाचं आणि माहितीचं पान गेलं की ३२ मध्ये समोरासमोरच्या पानांच्या १४-१५ जोड्या उरतात. तेवढीच दृश्यं. कोरे कागद दुमडून डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, करा, काड्यांची माणसं चालतील. ‘अळी गायब’ हे उजव्या पानाच्या शेवटी येऊ द्या आणि उत्तर पान उलटल्यावर. डमीशिवाय हे कळतच नाही, मला अजूनही कळत नाही. आणि अळी किंवा कासव दोन पानांच्या मधल्या घडीत येऊ देऊ नका, अर्धं आत गिळलं जातं.

यमक ठेवायचं तर फक्त जिथे पोर स्वतः म्हणेल तिथे. शोधाशोधीत एक ओळ परत परत यावी, तिसऱ्या वेळी ती मुलानेच म्हणावी. सध्याच्या ११२ ओळींत ‘बसलं’ला ‘हसलं’ जुळवायच्या नादात बिचारं कासव हसलंय.

डमी झाली की शब्दांवर कागद चिकटवा आणि शेजारच्या एखाद्या पाच वर्षांच्या मुलाच्या हातात द्या. तुम्ही तोंड उघडायचं नाही. तो कुठे थांबतो, कुठे बोट ठेवतो, कुठे दोन पानं एकदम उलटतो, ते टिपून ठेवा आणि इथे टाका. आपण त्या पानांवर बोलू.