इंडोनेशियातल्या छोट्या किराणा दुकानातून (वारुंग) शाकाहारी माणसाने काय घ्यावं?

टेंपे नक्की घ्या. सोयाबीन आंबवून केलेली ही वडी पांढऱ्या बुरशीने घट्ट बांधलेली असली की ताजी समजा. राखाडी-काळे ठिपके चालतात, पण चिकट झाली असेल किंवा अमोनियासारखा उग्र वास येत असेल तर सोडा. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. पातळ काप मीठ-लसूण-धण्याच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून, निथळून तळा. ओले टाकले तर तेल उडतं.

खरा घोळ तेरासीचा. ही कोळंबीची आंबवलेली पेस्ट बऱ्याच सांबलमध्ये (मिरचीच्या चटणीत) असते आणि चवीवरून नवख्याला कळत नाही. म्हणून बाटलीवरची घटकांची यादी वाचाच: उडांग म्हणजे कोळंबी, इकान मासा, आयाम कोंबडी, सापी गाय, बाबी डुक्कर, तलुर अंडं. हलाल शिक्का शाकाहाराची खात्री देत नाही. कुरकुरीत क्रुपुक (तळलेले पापड) बहुधा कोळंबीचे किंवा माशाचे असतात; त्याऐवजी मेलिंजोच्या बियांचे किंचित कडवट एम्पिंग घ्या, फारच छान लागतात.

केचाप मानिस हा गुळासारखा दाट, गोड सोया सॉस आहे. टोमॅटोचा हवा असेल तर 'साउस तोमात' मागा.

अंडी खात असाल तर ती किलोवर मिळतात, साधारण सोळा भरतात. अर्धा किलोही देतात.

सकाळी 1,00,000 रुपियाची नोट काढू नका, सुटे नसतात. 5,000 आणि 10,000 च्या नोटा जवळ ठेवा. भाव सांगताना 'हजार' अनेकदा गाळतात, 'पंधरा' म्हणजे 15,000.