मोपेडवरून हिसकावलेला फोन: ‘गहाळ’ दाखल्यावर थांबू नका

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा: पुण्याच्या कर्वेनगरमध्ये संध्याकाळी क्लासवरून परतताना आपली भाची फोनवर नकाशा पाहत चालली होती, मागून आलेल्या मोपेडवरच्या दोघांपैकी मागच्याने तो फोन हिसकावला, चौकीत ‘मोबाईल गहाळ’ असा दाखला मिळाला, सिम आपण त्याच रात्री बंद केले, आणि आता पुढे काय करावे व रविवारच्या बैठकीत सोसायटीने काय ठरवावे हे आपल्याला हवे आहे. अशा प्रकरणांत ओळखीच्यांसोबत पोलीस ठाण्यात, बँकेत आणि मोबाईल कंपनीच्या दुकानात जाण्याची वेळ माझ्यावर वारंवार आलेली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी तो दाखला. गहाळ म्हणजे रिक्षात विसरला, खिशातून पडला. हातातून ओढून नेलेला फोन गहाळ होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ मध्ये वस्तू अचानक, झटकन किंवा बळाने हिसकावून नेणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. शिवाय तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. हिसका देताना भाची पडली असेल, मनगट मुरगळले असेल किंवा खरचटले असेल, तर ते आजच सरकारी रुग्णालयात तपासून घ्यावे आणि जबाबात स्पष्ट लिहून घ्यावे, कारण चोरी करताना इजा केली तर प्रकरण कलम ३०९ च्या जबरी चोरीत जाऊ शकते आणि तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत, इजा केली असल्यास जन्मठेपेपर्यंतही आहे. चौकीवरच्या अंमलदाराने ‘काही लागलंय का?’ असे विचारले आणि घाबरलेल्या मुलीने ‘नाही’ म्हटले, की हा मुद्दा कागदावर येतच नाही.

गहाळ दाखला देण्याकडे कल का असतो, हे उघड आहे. गुन्हा नोंदला की तपास अधिकारी नेमावा लागतो, घटनास्थळाचा पंचनामा होतो आणि उघडकीस न आलेल्या गुन्ह्यांच्या यादीत एकाची भर पडते; दाखल्याने यातले काहीच होत नाही. नागरिकालाही नवे सिम घेण्यापुरता कागद मिळतो आणि तो समाधानाने घरी जातो. मात्र फोनचा विमा असेल तर बहुतेक पॉलिसींमध्ये गहाळ झालेला फोन बसत नाही, आणि पुढे एखादी टोळी पकडली गेली तर तिच्याकडच्या फोनांशी जुळवून पाहायला आपल्या नावाचा गुन्हाच नोंदलेला नसतो.

म्हणून चौकीत नव्हे, तर मुख्य पोलीस ठाण्यात जावे, ठाणे अंमलदाराकडे लेखी तक्रार द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते (मात्र तीन दिवसांत त्यावर सही करावी लागते), आणि एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. तीन ते सात वर्षांच्या टप्प्यातील शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, पण त्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागते. तेव्हा ‘आधी चौकशी करतो, मग बघू’ असे उत्तर आले तर ती परवानगी कोणी दिली आहे, हे नम्रपणे विचारावे. नोंद नाकारलीच, तर तीच तक्रार पोलीस उपायुक्तांना पोस्टाने पाठवता येते आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाण्याचा मार्ग खुला असतो. माझ्या अनुभवात पोच असलेली लेखी तक्रार आणि शांत आवाज एवढ्यावरच बहुतेक वेळा काम होते. आवाज चढवून मात्र ते हमखास बिघडते.

तक्रारीत गाडीच्या क्रमांकावर फार भिस्त ठेवू नये. गाडी चोरीची असू शकते किंवा पाटी वाकवलेली असू शकते. त्यापेक्षा वेळ मिनिटापर्यंत अचूक द्यावी (शेवटचा कॉल किंवा संदेश कितीचा होता, हे दुसऱ्याच्या फोनवर सापडते), मोपेडचा रंग, मागच्याच्या पायात चप्पल होती की बूट, हेल्मेट कोणाच्या डोक्यावर होते आणि गाडी कोणत्या गल्लीत वळली, हे लिहावे. तपास पथकाला कॅमेऱ्यांची साखळी लावताना याच गोष्टी उपयोगी पडतात.

आता एक गोष्ट, जिच्याकडे प्रश्नात आपले लक्ष गेलेले दिसत नाही. खिशातून मारलेला फोन बहुधा लॉक असतो. हिसकावलेला फोन उघडा असतो, आणि तो उघडा मिळावा म्हणूनच वापरात असताना ओढला जातो. सिम बंद केल्याने फोनमधले ईमेल, फोटो आणि गप्पा बंद होत नाहीत. यूपीआयचा पिन बदलायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदत लागते, आणि आपल्यापैकी अनेकांच्या गॅलरीत कार्डाचा व आधारचा फोटो असतोच. त्यामुळे भाचीच्या प्रत्येक बँकेला फोन करून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड थांबवावे, तक्रार क्रमांक लिहून ठेवावा, आणि दुसऱ्या उपकरणावरून तिच्या गुगल किंवा ॲपल खात्याचा पासवर्ड बदलून फोन दूरून लॉक करावा. पैसे गेलेले दिसले तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने हे तत्त्व घालून दिले आहे की ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसानही कळवण्याच्या क्षणापर्यंतच त्याचे असते, त्यानंतरचे बँकेचे. म्हणजे कळवल्याची वेळ हाच आपला पुरावा.

यानंतर सीईआयआर, म्हणजे चोरीचे व हरवलेले फोन बंद करण्यासाठीची सरकारची केंद्रीय नोंदवही. या नोंदवहीची सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रापासूनच झाली आणि मे २०२३ पासून ‘संचार साथी’ पोर्टलवरून ती देशभर उपलब्ध आहे. पोलिसांकडची तक्रार, खरेदीचे बिल आणि ओळखपत्र जोडून फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) बंद करण्याची विनंती तिथे करता येते. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही द्यावेत. खोका फेकला असेल तर ते बिलावर असतात, नाहीतर गुगल किंवा ॲपल खात्यातील उपकरणांच्या यादीत सापडतात. पोर्टलवर ओटीपी लागतो, आणि तो त्याच क्रमांकाच्या नव्या सिमवर मागवायचा म्हटले तर लोक अडतात, कारण बदली सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवलेले असतात. ‘पोर्टल चालत नाही’ म्हणून सोडून देण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. मिळालेला विनंती क्रमांक जपून ठेवावा.

ब्लॉक केल्याने पोलिसांना माग काढता येत नाही, हा समज चुकीचा आहे. त्या फोनमध्ये कोणी नवे सिम घातले की तशी माहिती यंत्रणेत येते. पण या व्यवस्थेची मर्यादाही समजून घ्यावी: ती भारतातल्या नेटवर्कपुरतीच आहे, आणि फोन सुट्या भागांत विकला गेला तर स्क्रीनला आणि कॅमेऱ्याला आयएमईआय नसतो. आयफोन असेल तर काही दिवसांनी ‘आपला फोन सापडला आहे, येथे लॉगिन करा’ असा संदेश येण्याची शक्यता मोठी आहे. तो चोराच्या साखळीतूनच येतो, कारण खात्याला जोडलेला फोन विकायला त्यांना तो पासवर्ड हवा असतो. दुव्याला हात लावू नये आणि खात्यातून तो फोन काढूनही टाकू नये.

सोसायटीच्या बैठकीबद्दल. डिलिव्हरीच्या मुलांना फाटकावर अडवून त्यांच्या पिशव्या तपासण्याचा जो प्रस्ताव तिथे येणार आहे, तो मला अन्यायाचा आणि निरुपयोगी, दोन्ही वाटतो. हिसकावणारे सोसायटीत येत नाहीत, ते रस्त्यावरून जातात. आणि संशयावरून एखाद्याला चार जणांनी मारले तर गुन्हा त्या चौघांवर दाखल होतो. पैसे खर्च करायचेच असतील तर कॅमेऱ्यांवर करावेत, पण आधी आहेत ते तपासावेत. बहुतेक सोसायट्यांचे कॅमेरे स्वतःच्या पार्किंगकडे तोंड करून असतात. रस्त्याकडे असलेल्या कॅमेऱ्यात रात्री हेडलाइटच्या झोताने पाटी पांढरा ठिपका होते, तेव्हा एक कॅमेरा तरी खाली आणि गाडी पुढे जाताना मागून दिसेल असा लावावा. डीव्हीआरचे (चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) घड्याळ मी पाहिले आहे त्या निम्म्या ठिकाणी चुकलेले असते. चित्रणातली वेळ अकरा मिनिटे मागे असली की पुढच्या चौकातल्या चित्रणाशी ती जुळत नाही.

आणि चित्रण टिकत नाही, डिस्क भरली की जुने पुसले जाते. त्यामुळे बैठकीची वाट न पाहता उद्या सकाळी त्या रस्त्यावरच्या दुकानदारांना आणि शेजारच्या सोसायट्यांना भेटून त्या अर्ध्या तासाचे चित्रण बाजूला काढून ठेवायला सांगावे. ते आपल्या हाती देतीलच असे नाही, आणि तशी गरजही नाही. कोणत्या कॅमेऱ्यात काय आहे याची यादी तपास अधिकाऱ्याला दिली की पुढची मागणी पोलीस करतात. न्यायालयात ते चित्रण वापरायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, म्हणून मोबाईलवर स्क्रीनचे चित्रीकरण करून गटावर फिरवण्यात फारसा अर्थ नाही. बीट मार्शलची (गस्तीच्या पोलिसांची) फेरी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत त्या रस्त्यावरून व्हावी, असा सह्यांचा अर्जही वरिष्ठ निरीक्षकांना द्यावा.

नव्या फोनबाबत दोन-तीन गोष्टी आजच करून टाकाव्यात. सिमला पिन लावावा, म्हणजे सिम काढून दुसऱ्या फोनात घातले तरी ओटीपी मिळत नाहीत. अँड्रॉइडमध्ये चोरी ओळखून आपोआप लॉक होण्याची सोय आहे आणि आयफोनमध्ये आयओएस १७.३ पासून चोरीपासून संरक्षणाची. दोन्ही सेटिंग्जमध्ये जाऊन तपासाव्यात. चालताना समोरून वाहने येणाऱ्या बाजूने चालावे, आणि रिक्षात सिग्नलला थांबल्यावर बाहेरच्या हातात फोन धरू नये.

फोन मिळालाच, तर तो मुद्देमाल असतो आणि न्यायालयाच्या आदेशाने बंधपत्रावर परत मिळतो. त्या अर्जासोबत बिल आणि एफआयआरची प्रत लागते. तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, तेव्हा तपास अधिकाऱ्याचे नाव लिहून ठेवून मधूनमधून विचारत राहावे. सीईआयआरवरचा ब्लॉक मात्र फोन प्रत्यक्ष हाती आल्यावरच काढावा, केवळ ‘सापडला’ असा फोन आला म्हणून नव्हे.